जैसलमेर ते मांडवी: वाळवंटातून समुद्राकडे गाडीने (आईसोबत). मदत हवी आहे

देवगडकरीण | ३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं मी जैसलमेरजवळ एका पवनऊर्जा प्रकल्पात देखभालीचं काम करते. आता बदली झाली आहे, डिसेंबरात इथलं बिऱ्हाड हलवायचं. सामान ट्रकने जाईल. गाडी, मी, नवरा आणि आई असे आम्ही तिघं मात्र रस्त्याने येणार. आईने वाळवंट पाहिलेलं नाही, म्हणून ती मुद्दाम रेल्वेने इकडे येते आहे. वय ६९, गुडघे दुखतात, पण गाडीत आठ तास बसायची तयारी आहे.

सरळ उदयपूर–अहमदाबाद करून घर गाठता येईल. पण मी देवगडची. चार वर्षं डोळ्यांसमोर फक्त वाळू आणि खेजडीची झाडं. घरी जाण्याआधी वाळवंट संपून समुद्र लागतो तो प्रवास मला जमिनीवरून, हळूहळू बघायचा आहे. म्हणून ठरवलंय: जैसलमेर – बाडमेर – कच्छ – मांडवी. मांडवीच का, तर १९८०च्या दशकात देशातल्या पहिल्यावहिल्या पवनचक्क्या जिथे उभ्या राहिल्या त्यांत मांडवीचा किनारा होता. आमच्या देवगडच्या जामसंड्याच्या सड्यावरही पवनचक्क्या आहेत. त्या बघतच मोठी झाले, त्यामुळेच या कामात आले.

हाताशी दिवस ९. मनात असलेली यादी: तनोट, लोंगेवाला, किराडूची देवळं, धोळावीरा, पांढरं रण, भुज, लखपत, नारायण सरोवर, मांडवी, द्वारका, सोमनाथ, दीव. आईला द्वारका हवीच आहे. नकाशावर मांडवीहून द्वारका समोरच दिसते. बसतंय का नऊ दिवसांत?

---

गाडीवान | ३ नोव्हेंबर, रात्री १०:२५

ताई, नकाशावर समोर दिसते कारण मध्ये कच्छचं आखात आहे, रस्ता नाही. मांडवीहून द्वारकेला जायचं म्हणजे उलटं भुज, भचाऊ, सामखियाळी, सूरजबारीचा पूल, मग मोरबी, जामनगर करत पूर्ण आखाताला वळसा. चारशे किलोमीटरच्या वर जातं ते. आखा दिवस गाडीत.

तुमची यादी नऊ दिवसांत बसेल, पण तुम्ही फक्त गाडी चालवाल. आई मागच्या सीटवर बसून टोलनाके मोजतील. यादीतली निम्मी नावं आजच खोडा.

---

माळरानी | ३ नोव्हेंबर, रात्री ११:०२

गाडीवानांशी सहमत. मी कच्छला पाच वेळा गेले आहे, आणि दर वेळी काही ना काही सोडून दिलं तेव्हाच ट्रिप चांगली झाली.

एक विचारू का? तुम्ही पवनऊर्जेत आहात म्हणून. माळढोक दिसला का कधी तिकडे? मी मूळची सोलापूरची, नान्नजच्या माळावर लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून बघितलेला.

---

देवगडकरीण | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

माळरानी, दोनदा दिसला. एकदा सम गावाच्या रस्त्याला, गावाच्या अलीकडे, गवतात, मान वर करून उभा. इथले लोक गोडावण म्हणतात. आमच्या क्षेत्राचा आणि त्याचा संबंध वेदनादायक आहे. हा जड पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही आणि तो विजेच्या तारांना धडकतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून न्यायचे आदेश दिले होते, २०२४ मध्ये ते बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा फिरत्या चकत्या लावायच्या कामावर मी स्वतः उभी राहिले आहे. तेवढं पुरेसं नाही हेही मला माहीत आहे.

गाडीवान, वळशाचं लक्षातच आलं नव्हतं. आईला कसं सांगू?

---

माळरानी | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मग मांडवीहून नलियाच्या बाजूला गेलात तर गवताळ रान जरूर बघा. तिथेही माळढोकाचं अभयारण्य आहे. आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माद्याच उरल्यात असं ऐकून आहे. जैसलमेर, नलिया, नान्नज. एका पक्ष्याचं घर किती लांब पसरलं होतं!

---

खडकवाचक | ४ नोव्हेंबर, दुपारी १:५०

नोकरीभर भूगर्भशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं लांबण लावतो. क्षमस्व.

तुम्ही म्हणता वाळवंट संपून समुद्र लागतो ते बघायचंय. माझं म्हणणं, तुम्ही सबंध रस्ता समुद्रातूनच जाणार आहात. फक्त तो वेगवेगळ्या काळचा समुद्र आहे.

पहिला थांबा जैसलमेरपासून १७ किलोमीटरवर, बाडमेरच्याच रस्त्यावर: आकलचं जीवाश्म उद्यान. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके उघड्यावर पडलेत. ज्या जागी आज खेजडी तग धरते, तिथे ज्युरासिक काळात दाट जंगल आणि जवळ समुद्रकिनारा होता. जैसलमेरचा पिवळा दगडही त्या समुद्राच्या तळाशी साचलेला. हाबूर गावच्या दगडात तर शिंपल्यांचे ठसे नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

दुसरी गोष्ट, लूणी नदी. अजमेरजवळ उगम पावते, बालोतऱ्यानंतर पाणी खारट होत जातं. नावातच लवण आहे. बाडमेरहून सांचोरकडे जाताना गंधवला तुम्ही तिचं पात्र ओलांडाल. डिसेंबरात बहुधा कोरडं असेल, तरी गाडी थांबवून बघा. ही नदी समुद्राकडे निघते आणि समुद्रापर्यंत पोचतच नाही, कच्छच्या रणात विरते. तुमचा रस्ता आणि तिचा रस्ता बराच काळ एकाच दिशेने आहे.

तिसरी गोष्ट ते रण. एके काळी हा समुद्राचा उथळ हात होता. नद्यांचा गाळ साचत गेला, भूकंपांनी जमीन उचलली आणि हात तुटला. पावसाळ्यात अजूनही पाणी पसरतं, ते आटतं तसं मीठ वर येतं. १८१९च्या जूनमधल्या भूकंपात एकाच झटक्यात लांबच लांब बांध उभा राहिला, लोक त्याला अल्लाहबंद म्हणतात. सिंधूच्या शाखेचं पाणी अडलं आणि लखपतसारखं नांदतं बंदर ओस पडलं.

तेव्हा रण म्हणजे जैसलमेर आणि मांडवीच्या मधलं ‘पार करायचं अंतर’ समजू नका. तुम्हाला जे बघायचंय ते नेमकं तिथे आहे. जास्तीत जास्त वेळ तिथे द्या.

---

देवगडकरीण | ४ नोव्हेंबर, रात्री ८:१०

खडकवाचक काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, “थय समुद्र होतो, तर गेलो खंय?” बाकी काही नाही. आता तिला तेच बघायचंय.

तनोट, लोंगेवाला आम्ही आधीच केलेत, तेव्हा खोडले. दीवही खोडलं. पण द्वारकेचा प्रश्न आहेच.

---

वडोदरेकर | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

चार पिढ्या बडोद्यात. द्वारकेबद्दल आपल्याला वेगळं ममत्व आहे, कारण द्वारका ज्यात येते ते ओखामंडळ गायकवाडांच्या बडोदा संस्थानात होतं. सोमनाथालाही अहिल्याबाईंनी १७८३ मध्ये बांधलेलं मंदिर आहे, नव्या मंदिराच्या जवळच. त्यामुळे आईंची ओढ समजते. पण द्वारका–सोमनाथ ही सौराष्ट्राची स्वतंत्र यात्रा आहे. बेट द्वारकेला २०२४ मध्ये सुदर्शन सेतू झाला, तेव्हापासून होडीचीही गरज नाही. आईंना पुढच्या हिवाळ्यात रेल्वेने घेऊन जा. गुडघ्यांनाही तेच बरं.

एक विचारतो. आईंचं दैवत कोणतं? कृष्णच, की आणखी कुणी?

---

देवगडकरीण | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

आमच्याकडे दत्त. आई दर गुरुवारी उपवास करते, गुरुचरित्राचं पारायण असतं. गिरनारला जायची तिची फार इच्छा होती, पण दहा हजार पायऱ्या. रोपवे झाला तरी तो अंबाजीपर्यंतच, पुढे दत्तशिखरापर्यंत पायऱ्या उरतातच. ते तिने मनातून काढून टाकलंय.

---

वडोदरेकर | ५ नोव्हेंबर, दुपारी १:२०

म्हणूनच विचारलं! काळो डुंगर. कच्छमधली सर्वांत उंच जागा, ४६२ मीटर, खावड्याच्या उत्तरेला. त्याच्यावर दत्तात्रेयाचं मंदिर आहे. गाडी वरपर्यंत जाते, शेवटचं थोडंसं चालणं. आरतीनंतर तिथे कोल्ह्यांना प्रसाद ठेवतात, पिढ्यान्‌पिढ्या ही प्रथा चालू आहे. वरून उत्तरेला नजर टाकली की सगळं पांढरं रण.

तुम्ही डिसेंबरात निघताय ना? मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती. तारखा तशा जुळवा. दत्तजयंती काळ्या डुंगरावर आणि त्याच रात्री पौर्णिमेचं रण. आईंना द्वारकेची रुखरुख उरणार नाही.

---

माळरानी | ५ नोव्हेंबर, दुपारी १:३१

अंगावर काटा आला वाचून. हेच करा.

---

देवगडकरीण | ५ नोव्हेंबर, रात्री ९:५५

आईला सांगितलं. फोनवर बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “गाडी वरपर्यंत जाते ना, नक्की विचार.”

द्वारका खोडली. वडोदरेकर, तुमचे आभार कसे मानू?

---

गाडीवान | ६ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

छान. आता कामाचं बोलू. तारीख दत्तजयंतीला बांधली गेली, तर तिथून उलटं मोजा.

पहिला दिवस: जैसलमेर–बाडमेर, दीडशे किलोमीटरच्या आसपास. आकलला दोन तास द्या. दुपारी बाडमेर. अंगात जोर असेल तर किराडू, ती बाडमेरहून पस्तीस-चाळीस किलोमीटर मुनाबावच्या रस्त्याला. अकराव्या-बाराव्या शतकातलं दगडी कोरीवकाम, पडझड झालेलं, पण फार देखणं. अंधाराआधी परत या.

दुसरा दिवस हा खरा कसोटीचा. पहाटे सहाला निघा. बाडमेर–गंधव–सांचोर. सांचोरपासून सांतलपूरपर्यंत अमृतसर–जामनगर द्रुतगती मार्गाचा तुकडा मिळतो, रस्ता रुंद आणि मोकळा. पण चढण्याआधी सांचोरला टाकी फुल्ल करा, खाऊन घ्या, आईंना स्वच्छतागृह तिथेच. मोकळ्या सरळ रस्त्यावर झोप येते, दोघं दर दोन तासांनी आलटूनपालटून चालवा. सांतलपूरनंतर आडेसर, रापर, बालासर, धोळावीरा. सगळं मिळून चारशेच्या पुढे जाईल. रापरला पुन्हा पेट्रोल, पुढे पंप विरळ आहेत.

संध्याकाळी सहानंतर गाडी चालवू नका, हे माझं एकच मागणं. बाडमेर भागात उंट, कच्छमध्ये म्हशी आणि रोही (नीलगायी) रस्त्यावर येतात. उंटाचे पाय दिव्यात दिसतात, धड दिसत नाही. जोराने धडकलं तर ते धड काचेवर येतं.

---

खडकवाचक | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

गाडीवानांनी रस्ता बांधला, मी दोन गोष्टींची भर घालतो.

धोळावीरा २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. हडप्पा संस्कृतीतलं नगर, खडीर बेटावर. बेट म्हणजे खरंच बेट, भोवती रण. दगडात खोदलेले आणि बांधलेले प्रचंड जलाशय बघा. दोन पावसाळी नाले अडवून त्यांनी पाणी साठवलं होतं. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या वाळवंटातून तुम्ही येणार, तुम्हाला त्याचं मोल इतरांपेक्षा जास्त कळेल. सकाळी लवकर जा, सावली नाही.

तिथून जवळच खडीरमध्येही जीवाश्म झालेली झाडं आहेत, रणाच्या काठावर. आकलचे ओंडके बघून आलेल्या माणसाने ती बघायलाच हवीत. दोन्ही ज्युरासिक काळातली. आईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

---

माळरानी | ६ नोव्हेंबर, दुपारी ३:००

धोळावीऱ्याहून खावड्याला आता रणातून सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंना मीठ किंवा पाणी, मध्ये डांबराची पट्टी. समाजमाध्यमांवर फार गाजलेला, त्यामुळे सूर्यास्ताला गर्दी. तुम्ही दुपारी जा. गाडी रस्त्यातच थांबवून फोटो काढणाऱ्यांपासून सावध.

आणि कळकळीने सांगते: गाडी डांबर सोडून रणात उतरवू नका. वर कडक दिसणारं मीठ दोन-तीन बोटांचं असतं, खाली काळा चिखल. माझ्या नवऱ्याने उतरवली होती. चाकं बघता बघता अर्धी आत गेली. गावातला ट्रॅक्टर येईपर्यंत चार तास आम्ही उन्हात. ट्रॅक्टरवाल्या दादांनी पैसे घ्यायला नकार दिला, ते मी कधी विसरणार नाही.

घरी पोचल्यावर, शक्य तर भुजलाच, गाडी खालून धुऊन घ्या. मीठ पत्रा खातं.

पांढऱ्या रणासाठी धोरडोला परवाना लागतो. ऑनलाइन निघतो, किंवा भिरंडियाराच्या नाक्यावर. ओळखपत्रं मूळ ठेवा. भिरंडियाऱ्याचा मावा खा, गरम असताना. पौर्णिमेला रणोत्सवाची गर्दी असते, तेव्हा होडको किंवा खावड्याच्या बाजूचा भुंगा आजच बुक करा. भुंगा म्हणजे गोल मातीची झोपडी, आतून आरशांचं लिंपणकाम. रात्री कडाक्याची थंडी असते, आईंना कानटोपी आणि लोकरीचे मोजे.

---

देवगडकरीण | ६ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सगळं वहीत उतरवून घेतलंय. खाण्याचं काय? आई सकाळी नुसती पेज खाणारी. आम्ही दोघं मासे खाणारे, पण ते मांडवीपर्यंत विसरलोच आहोत.

---

वडोदरेकर | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:००

मांडवीतही मासे जेवणाच्या ताटात सहज मिळतील असं समजू नका. पण बाजरीचा रोटला, लोणी-गूळ, खिचडी-कढी आणि मोठा पेला ताक कुठेही मिळेल. पेज खाणाऱ्या पोटाला खिचडी-कढी मानवते. आणि आपण सगळे जी दाबेली खातो, तिचं माहेर मांडवी. तिथे खाल्ली की पुण्या-मुंबईची दाबेली वेगळी वाटेल. मसाला तिखट, शेंगदाणे भरपूर.

गुजरातेत दारूबंदी आहे, गाडीत बाटली चुकूनही नको. सामान भरताना कुणी भेट दिलेली पडून राहते, म्हणून सांगितलं.

मांडवीत श्यामजी कृष्ण वर्मांचं क्रांतितीर्थ बघा. त्यांचा जन्म मांडवीचा, १८५७चा. लंडनचं इंडिया हाऊस त्यांनी उभं केलं, सावरकर तिथेच राहिले होते. तिथे त्या घराची प्रतिकृती आहे. १९३० मध्ये जिनिव्हात वारले, अस्थी मायदेशी आल्या त्या २००३ मध्ये.

---

गाडीवान | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

परतीचं राहिलं. मांडवीहून देवगड म्हणजे अहमदाबाद–सुरत–मुंबई धरून कंटाळवाणा पल्ला. त्याऐवजी: मांडवी ते राजकोट, मुक्काम. दुसऱ्या दिवशी भावनगर, घोघा. घोघ्याहून हजिऱ्याला गाडी घेऊन जाणारी बोट आहे, २०२० पासून. रस्त्याने ३७० किलोमीटर पडतं, ते समुद्रातून ९० होतं. तीन-चार तासांत सुरतेजवळ उतरता. आगाऊ तिकीट काढा, वेळा एक दिवस आधी पुन्हा तपासा, कारण खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर फार.

आणि हो, चार वर्षं समुद्र न पाहिलेल्या माणसाला गाडीसकट बोटीत बसता येईल.

---

देवगडकरीण | ७ नोव्हेंबर, रात्री ९:१०

अंतिम: लखपत, नारायण सरोवर, नलिया ऐच्छिक. मांडवीत पूर्ण दोन रात्री. घोघा–हजिरा बोट नक्की. येऊन लिहिते.

---

देवगडकरीण | २२ डिसेंबर, रात्री ८:२०

आलो. देवगडहून लिहिते आहे, खिडकीतून गाज ऐकू येते.

पुढे कुणाला उपयोग व्हावा म्हणून आधी चुका. किराडूला गेलो नाही, बाडमेरला पोचेपर्यंत आई दमली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही सहाऐवजी सव्वासातला निघालो आणि तो सव्वा तास दिवसभर मागे लागला. बालासरच्या पुढे अंधार पडला. गाडीवान, तुमचं एकच मागणं पाळता आलं नाही. शेवटचे काही किलोमीटर तीसच्या वेगाने गेलो, दोनदा म्हशींचा कळप आडवा आला. तो दिवस फोडून रापरला मुक्काम करणं जास्त शहाणपणाचं. लखपत, नलिया दोन्ही राहिलं. माळरानी, माळढोकासाठी पुन्हा जायचं आहे.

गंधवला लूणीच्या पुलाजवळ थांबलो. पात्रात बारीक वाळू, कडेला पांढरी झाक. आईने खाली उतरून चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट.

धोळावीऱ्याला जलाशयाच्या काठावर ती अर्धा तास बसून होती. कोकणात पाऊस एवढा पडतो आणि मे महिन्यात आमची विहीर तळ दाखवते, त्याबद्दल बोलत होती.

काळो डुंगर. गर्दी होती, पण लोकांनी तिला हात धरून पुढे नेलं. आरती झाली, प्रसाद ठेवला. कोल्हे आम्हाला दिसले नाहीत, आईला त्याचं काही वाटलं नाही. खाली उत्तरेला सगळं पांढरं. तिने एवढंच विचारलं, “हो तोच समुद्र मा?” मी हो म्हटलं. काका, बरोबर सांगितलं ना?

रात्री रणात चंद्र वर आला तेव्हा आम्ही तिघं चपला काढून उभे होतो. पाय गारठले. त्याबद्दल मला नीट लिहिता येणार नाही.

आणि मांडवी. रुक्मावतीच्या तोंडाशी लाकडी जहाजं बांधतात, तीन-चार मजली उंच, उघड्यावर. ओहोटी होती, खाडीचा चिखल उघडा पडलेला. आईचे आजोबा गलबतावर तांडेल होते, हे मला माहीत होतं, पण ती त्याबद्दल कधी बोललेली आठवत नाही. तिथे एक म्हातारे सुतार फळ्यांच्या फटीत कापूस ठोकत बसले होते. आई त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिला गुजराती येत नाही, त्यांना मराठी नाही. ती हाताने दाखवायची, “ही नाळ, हे सुकाणू.” ते म्हणायचे, “सुकान, सुकान.” पाऊण तास हेच चाललं. मी आणि नवरा लांब उभे राहिलो.

मग समुद्रावर गेलो. पवनचक्क्यांमुळे त्या किनाऱ्याला अजून विंडफार्म बीच म्हणतात. मी चपला हातात घेऊन पाण्यात शिरले ती गुडघ्यापर्यंत. आई काठावरून ओरडत होती, सलवार भिजतेय म्हणून. मग तीही आली.

---

खडकवाचक | २२ डिसेंबर, रात्री ९:०५

बरोबर सांगितलंत. आईंना माझा नमस्कार. लूणीचं मीठ चाखून बघायचं मला आजवर सुचलं नव्हतं.

---

नवा_चालक | २३ डिसेंबर, सकाळी ११:३०

सुंदर धागा. आम्ही फेब्रुवारीत हाच मार्ग उलटा, मांडवीहून जैसलमेर करायचा म्हणतोय, सोबत सहा वर्षांचा मुलगा. रापरला मुक्कामाची सोय कशी आहे?

---

माळरानी | २३ डिसेंबर, दुपारी १२:१०

साधी लॉजेस आहेत, स्वच्छ खोली आधी बघून घ्या. उलटं जाताय तर रणाचा रस्ता सकाळी करा, सूर्य पाठीशी नसेल पण गर्दी नसते. आणि मुलाला आकलला नक्की न्या.